पंचवीसचा गोल

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे सुतळी धरणं. एक टोक माझ्या बायकोच्या, इंदूच्या हातात, एक माझ्या. अंगणातल्या फरश्यांवर खडूनं एक गोल काढायचा होता. तो काढला, बोरं खाल्ली, चहा घेतला — बस. त्यानंतर ती दोन वर्षं जगली. एकाच घरात राहिलो, ताटाला ताट लावून जेवलो. पण त्यानंतरचं एकही काम साधं नव्हतं, प्रत्येकात माझी घाण मिसळली होती. ती घाण काय होती हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. पोरीला नाही. तेरवीला आलेल्या नातेवाइकांना नाही. इंदू दवाखान्यात पडली होती तेव्हा तिलाही नाही — आणि तेव्हा तर सांगायला अख्खी दुपार होती.

मग तुम्हाला काहून सांगून राहिलो? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसाच्या अंगणात ओकता येत नाही.

मी सातवी शिकलेला माणूस. हिंगण्याच्या एमआयडीसीत लोखंडी टाक्या बनवायच्या कारखान्यात माझी जिंदगी गेली. टाकी म्हणजे काय — खाली गोल, वर गोल, मधात पत्रा गुंडाळलेला. ते गोल प्लेटवर आखायचं काम माझं. ऑफिसातून कागद यायचा आणि त्यावर शेवटी एक आकडा असायचा, तो डाया. डाया म्हणजे गोलाची या काठापासून त्या काठापर्यंतची लांबी, बरोबर मधातून. तो आकडा घ्यायचा, अर्धा करायचा, तेवढी पट्टी बांधायची, मधात पंच ठोकायचा आणि फिरवायचं. दुसरं मला काही येत नव्हतं. वेल्डिंग जमलं नाही, कटिंग जमलं नाही. पण गोल माझा. कारखान्यात नावानं मला कोणी हाक मारत नव्हतं, ‘गोलवाले मिस्त्री’ म्हणत. आणि मी त्या नावावर फुगून होतो. घरी येईपर्यंत ती फुगी उतरत नव्हती.

इंदू माझ्यापेक्षा शिकलेली. तिच्या बापानं तिला अकरावीतून काढून माझ्या घरी दिली, कारण माझी नोकरी पक्की होती आणि मी पीत नव्हतो. एवढ्यावर. पोरगी जास्त शिकलेली आहे हे लग्नात कोणी बोललं नाही. मीही नाही. पण मला ते ठाऊक होतं — रोज, चपलेत गेलेल्या खड्यासारखं.

तर मी काय करायचो सांगतो. नवं लग्न होतं. संध्याकाळी जेवायला बसलो की ताटातल्या रश्श्यात बोटानं गोल काढून तिला दाखवायचो. गोल कापून ठेवलेला आहे पण त्याचा मध, बरोबर मधला बिंदू, सापडत नाही, तर तो कसा शोधायचा? काठावर कुठूनही तीन खुणा करायच्या, मग असं, मग असं. ती गालावर हात ठेवून ऐकायची. ‘अस्सं?’ म्हणायची. ‘भलतंच डोकं लागत असन तुमाले.’ आणि मी म्हणायचो — तुले नाई समजत ते, जाऊ दे. असं मी एकदा नाही म्हटलं. वर्षानुवर्षं म्हटलं. ती दर वेळी ‘अस्सं?’ म्हणाली. हे लक्षात ठेवा. मीही तेव्हा लक्षात ठेवायला पाहिजे होतं.

आमचं घर मनीषनगरात. प्लॉट घेतला तेव्हा तिकडे शेतं होती, आता चारी बाजूंनी फ्लॅटच्या बिल्डिंगा आणि मधात आमच्या दोन खोल्या, पुढे अंगण. मी रिटायर झालो, पोरगी सुनीता लग्न होऊन अमरावतीला गेली, घर रिकामं झालं. साठी उलटल्यावर एक दिवस इंदू म्हणाली, मी बारावीची परीक्षा देते, बाहेरून. मी हसलो. तिनं फॉर्म भरला तेव्हाही हसलो. पुस्तकं आली, ती सकाळी खिडकीपाशी वाचत बसायला लागली, तेव्हा हसू थांबलं.

तेव्हापासून ती पुस्तक उघडायची आणि मला चहा लागायचा. ती गणित करायला बसायची आणि मला टीव्हीवर बातम्या ऐकायच्या असायच्या, मोठ्या आवाजात, जसा काही मीच देश चालवतो. चहा ठेवायची, पुस्तक घेऊन अंगणात जायची.

पानठेल्यावर तर मजाच होती. ‘काय गा मिस्त्री, वहिनी बारावी झाल्या तं तुमाले आठवीत घालतीन का?’ दुसरा म्हणायचा, ‘घालतीन ना, पन दप्तरातली पेन्सिल कोन छिलून देईन?’ सगळे हसायचे. मीही हसायचो आणि काय म्हणायचो ऐका — ‘अरे टाइमपास हाय बुढीचा. नापास होईन अन् बसन चूप.’ बुढी म्हणायचो. ठेल्यावर. जी घरी माझ्यासाठी भाजी निवडून राहिली होती तिला.

पण खरं सांगू? तेव्हा माझ्या पोटात काही नव्हतं. मला खात्रीच होती की ती नापास होईल. ज्याला दुसरा पडणार हे ठाऊक असतं तो मोठ्या मनानं वागू शकतो. मी तिला स्वतः स्कूटरवर बसवून मराठीच्या पेपरला सोडून आलो. इंग्रजीच्याही. फाटकापाशी उभं राहून ‘जमन, जमन’ म्हणालो. लोकांना वाटलं काय भला नवरा आहे. मलाही वाटलं.

आता पुढचं सांगायचं तर मला आधी मागचं सांगितलं पाहिजे. नाही — मागचं नाही, नंतरचं. पाहा, मी पुन्हा पळून राहिलो. तोंडाशी येते आणि मी दुसरीकडे वळतो. वळू द्या एकदा.

नंतरची दोन वर्षं मी घरातला बिमार होतो. हार्टचा पेशंट. बर्डीवरच्या, बाजारपेठेतल्या डॉक्टरनं सगळे रिपोर्ट पाहून सांगितलं होतं की काही दिसत नाही, गॅस असेल, पण वय झालं आहे, जपा. इंदूनं त्यातलं फक्त ‘जपा’ ऐकलं. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं — की तिनं फक्त तेवढंच ऐकलं. त्या दिवसापासून घरातलं मीठ बंद झालं. तेल चमचाभर. स्कूटरची चाबी तिनं कपाटात ठेवली, सिलिंडर ती ढकलायची, बाजार ती करायची, वरच्या टाकीचा वॉल बंद करायला शिडीवर ती चढायची. मी खाली उभा राहायचो. धडधाकट. ‘सांभाळून वं,’ म्हणायचो.

मला काहीही झालेलं नव्हतं. हे एकदा सांगून टाकतो, म्हणजे पुढे गोडगोड सांगायची सोय राहणार नाही.

ती स्वतःही बिनमिठाचं खायची. मी एकटा अळणी खातो हे तिला पाहवत नव्हतं म्हणे. वरणात मीठ नाही, वांग्यात मीठ नाही, भाकरी नुसती. ती माझ्यासमोर बसून तसं खायची आणि म्हणायची, सवय होते. आणि मी? डॉक्टरनं सकाळी चालायला सांगितलं होतं. मी रोज चालत चालत कोपऱ्यावरच्या गाडीवर जायचो आणि तर्री-पोहे खायचो. लाल तर्रीचा रस्सा, वरून चना, वरून अजून तर्री मागून घ्यायचो. मग नळावर हात धुवायचे, बडीसोप तोंडात टाकायची आणि घरी जाऊन दम लागल्यासारखं खुर्चीत बसायचं. ती पाणी आणून द्यायची. माझ्या बोटांना वास असायचा. तिला येत नसेल का? चाळीस वर्षं ज्या बाईनं माझे कपडे धुतले तिला माझ्या बोटांचा वास येत नसेल?

गणिताचा पेपर राहून गेला होता, तेवढाच एक. बाकीचे सगळे विषय ती पास झाली होती. पुढच्या वेळी फक्त गणित द्यायचं होतं. तिनं पुस्तकं मोमजाम्याच्या कापडात बांधून माळ्यावर टाकली. ‘घरात बिमार मानूस हाय, आता कायचं गनित.’ मी तेव्हा म्हणू शकत होतो, अवं दे ना, मी बरा हाय. एक वाक्य. माझ्या तोंडात दात होते, जीभ होती. मी म्हटलं नाही. पुस्तकं माळ्यावर गेली तेव्हा मला बरं वाटलं — आता शिसारी येते, पण बरं वाटलं.

तिच्या पोटात दुखायचं. केव्हापासून ते मला माहीत नाही, कारण तिनं सांगितलं नाही, आणि तिनं सांगितलं नाही कारण घरात एक बिमार पुरे होता. हे ती सुनीताजवळ बोलली, शेवटी. दाखवलं तेव्हा गाठ मोठी झाली होती. डॉक्टर म्हणाले, उशीर केला. कोणी केला उशीर? मी तिथंच उभा होतो, हात मागे बांधून.

दवाखान्यातल्या शेवटच्या दुपारी तिनं सुनीताला जवळ बोलावलं. मला वाटलं काही मनातलं सांगते. ती म्हणाली, ‘बाबाच्या गोळ्या वरच्या फळीवर हायेत. मीठ नको देऊ त्याईले, मागतीन पन देऊ नको.’ आणि मी खाटेच्या पायथ्याशी. दवाखान्यासमोरून पोहे खाऊन आलो होतो. मला ढेकर आला. तर्रीचा.

याहून घाण काही आहे? आहे. तेरवीच्या पंगतीत माझं ताट वेगळं आलं. सगळ्यांना वडे, वरण, भाजी, आणि मला बिनमिठाचं वरण, पोरीनं आठवणीनं वेगळं काढलेलं. साळा, इंदूचा भाऊ, बाजूला बसला होता. म्हणाला, ‘बाईनं तुमाले दोन वर्षं तळहातावर ठेवलं, भाऊजी.’ मी मान हलवली आणि ते वरण खाल्लं. सगळं खाल्लं. लोकांनी डोळे पुसले.

आता वळायला जागा उरली नाही. त्या संध्याकाळचं सांगतो.

दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर होता. इंदू अंगणात फरशीवर पाय पसरून बसली होती, पुढ्यात बोरांची वाटी. खडू घेऊन फरश्यांवर काहीतरी लिहून राहिली होती. आमच्या फरश्या वीतभराच्या, चौकोनी, सरळ रांगेत लावलेल्या. मधातल्या एका कोपऱ्यावर तिनं शून्य लिहिलं. तिथून उजवीकडे फरश्या मोजायच्या त्या अधिक, डावीकडे उणे. घराकडे अधिक, फाटकाकडे उणे. अशा दोन आकड्यांनी फरशीचा कोणताही कोपरा सांगता येतो. एवढं मला समजलं. चांगलं समजलं.

ती म्हणाली, ‘अजी, सुतळी आना ना जरा. एक डाव डोयानं पाहू द्या, उद्याच्या आधी.’

मी सुतळी आणली. गोल म्हटलं की मी उठणारच. तिनं दोन कोपऱ्यांवर दोन बोरं ठेवली होती, एक घराकडे डावीकडे, एक फाटकाकडे उजवीकडे. म्हणाली, या दोघांना जोडणारी रेघ हा गोलाचा व्यास, म्हणजे तुमचा डाया. आणि खाली तिनं खडूनं लिहिलं होतं —

(क्ष − १)² + (य + १)² = २५

म्हटलं, हे काय? म्हणाली, हा गोलच आहे, लिहिलेला. क्ष म्हणजे आडव्या फरश्या, य म्हणजे उभ्या. मध कुठं आहे ते कंसात आहे, आडवा एक आणि उभा उणे एक. म्हटलं, उणे एक आहे तर अधिक काहून लिहिलं? ती म्हणाली, ‘मधापासून अंतर मोजाचं हाय ना. उणं वजा केलं का अधिक होते.’ मी मान हलवली. अस्सं, म्हटलं. समजलं नव्हतं.

पण शेवटी आकडा होता. पंचवीस. तो मला समजला. आयुष्यभर माझ्यापुढे जो कागद आला त्यावर शेवटचा आकडा म्हणजे डाया. पंचवीसचा डाया, अर्धे साडेबारा. तिला विचारायची गरज काय? मी म्हटलं, ‘धर मधात, मी घेतो.’ तिनं सुतळीचं टोक अंगठ्याखाली दाबलं आणि मी फरश्या मोजत निघालो, फाटकाकडे, छाती काढून. फाटकापाशी अंगण संपलं, माझी मोजणी संपली नाही. मी फाटक उघडलं. उरलेलं अंदाजानं टाकलं. आणि माझा पाय नालीत गेला, चपलेसकट.

शेजारच्या कांताबाई गॅलरीत वाळलेले कपडे काढून राहिल्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं. ‘अवं इंदूबाई! मिस्त्रीचा गोल नालीत गेला वं!’

आणि इंदू हसली. पदर तोंडाला लावून हसली, पण हसली. वाईट नाही हसली, हे मला तेव्हाही कळलं. लहान पोरगी हसते तशी. मग उठून माझ्या पायावर पाणी टाकलं आणि म्हणाली, ‘अजी, तो डाया नोहे. मधापासून काठापर्यंत जे अंतर हाय ना, त्याचा वर्ग हाय तो. पाच पंचे पंचवीस. तुमी पाचच फरश्या घ्या.’

पाच घेतल्या. पण तिनं मला थांबवलं. म्हणाली, आधी बोरं ठेवू द्या. वाटीतून बोरं घेऊन ती फरश्यांच्या कोपऱ्यांवर ठेवत गेली. इथं पाच आणि दोन. इथं चार आणि तीन. इथं उणे तीन आणि दोन. तोंडानं पुटपुटायची, चाराचा वर्ग, तिनाचा वर्ग, पंचवीस, आणि बोर ठेवायची. पट्टी नाही, माप नाही. अंगणभर बोरं. मग मधात बसली, टोक दाबलं, म्हणाली, फिरवा आता.

मी वाकून फिरवलं. खडू पहिल्या बोराला लागला, बोर घरंगळलं. दुसऱ्याला लागला. तिसऱ्याला. पूर्ण गोल फिरून आलो. एक बोर चुकलं नाही.

हे तुम्हाला साधं वाटत असेल. मला काय झालं ते सांगतो. मी जिंदगीभर गोल फिरवले. गोल कुठून जाईल हे मला फिरवल्याबिगर कधी कळलं नाही. काठ प्लेटवर उमटला की मग मी म्हणायचो, हा पाहा. आणि ही बाई बसल्या जागी, न फिरवता, सांगून राहिली होती की इथून जाईल, तिथून जाईल. आणि तो तिथूनच गेला.

मी विचारलं, ‘हे कधी शिकली वं तू? या वर्षी?’

ती बोरं वेचून राहिली होती. सहज म्हणाली, ‘नाई. अकरावीतच होतं. गोलाचाच धडा चालू होता, तवाच बाबानं शाळेतून काढलं. तीन खुनांवरून मध काढाचा, तो बी येत होता. या साली नुसती उजळणी केली.’

लग्नाच्या आधी. म्हणजे मी रश्श्यात बोट बुडवून तिला तीन खुणा शिकवून राहिलो होतो, तेव्हा तिला ते येत होतं. सगळं येत होतं. तुले नाई समजत म्हणत होतो, तेव्हा येत होतं. आणि ती इतकी वर्षं ‘अस्सं?’ म्हणत राहिली.

एखाद्या माणसाला यावर रडू आलं असतं. एखाद्यानं तिचे हात धरले असते. मला राग आला. कोणाचा? तिचा. तिनं मला इतकी वर्षं येडं बनवलं असं वाटलं. ती माझी इज्जत राखत होती हे समजायला अक्कल लागत नाही, माणूस लागतो. मी तो नव्हतो. मी बोर खाल्लं, बी थुंकली आणि बसून राहिलो. तिनं चहा आणला. तिच्या गालाला खडू लागला होता. ती खूश होती. म्हणाली, ‘उद्या हाच आला ना, तं पाच मिनटात होते.’

आणि मला कळलं की ती पास होणार.

हेच आहे सगळं. बाकी काही नाही. ती नापास होणार असती तर मी तिला स्कूटरवर सोडून आलो असतो, फाटकापाशी ‘जमन’ म्हणालो असतो, संध्याकाळी समोसे आणले असते. ती पास होणार होती. ठेल्यावर मला कोणी काही बोललं असतं याची भीती नव्हती. ठेल्यावरचे उद्या विसरले असते. घरात बसून मला ठाऊक राहिलं असतं, हे मला नको होतं. बायकोच्या आनंदापेक्षा मला माझं नसलेलं मोठेपण जास्त प्यारं होतं. रात्रीचं काही सांगण्यासारखं नाही. मला झोप लागली. चांगली लागली.

सकाळी ती लवकर उठली. न्हाली, धुतलेलं निळं लुगडं नेसली, वेणी घातली. दोन पेन घेतले, पाण्याची बाटली घेतली. वाटीत दही-साखर कालवली, स्वतःच्या हातानं स्वतःच खाल्ली, कारण देणारा मी खुर्चीत बसून होतो. मग माझ्यापुढे येऊन वाकली, पाया पडली. म्हणाली, ‘चला, निघू.’

मी उठलो. स्कूटरची चाबी खुंटीला होती. दोन पावलं टाकली आणि खाली बसलो. जमिनीवर. ‘इंदे,’ म्हटलं, ‘छातीत दुखून राह्यलं.’

छातीत कोणत्या बाजूला दुखायला पाहिजे हे मी ठरवलं नव्हतं. माझा हात आधी उजवीकडे गेला. मग मला आठवलं आणि मी तो डावीकडे नेला.

तिनं ते पाहिलं. माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. किती वेळ पाहिलं मला सांगता येणार नाही. मी डोळे मिटून घेतले आणि कण्हलो. डोळे उघडले तेव्हा तिनं पेन टेबलावर ठेवले होते, दोन्ही, बाजूबाजूला, आणि अंगणात जाऊन कांताबाईला ऑटो बोलवायला सांगून राहिली होती. आवाज शांत होता.

ऑटोपर्यंत मी तिच्या खांद्यावर हात ठेवून चाललो. भार टाकला, म्हणजे खरं वाटलं पाहिजे. रात्रीचं दव पडून खडूचा गोल थोडा पसरला होता, आम्ही त्याच्यावरून गेलो. ऑटोत तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं आणि लुगड्याच्या पदरानं वारा घालू लागली. रस्ता तोच होता, परीक्षेच्या शाळेसमोरून जाणारा. पोरं आत जाऊन राहिली होती, शिपाई फाटक लावायला उभा होता. ऑटोवाला गर्दीमुळे तिथंच थांबला. ती वारा घालत राहिली, तिनं मान वर केली नाही. मी तिच्या मांडीवरून डोकं जरा उचललं आणि फाटक बंद होताना पाहिलं.